शोल्डर डाऊन

आमच्या घरात ‘शोल्डर’ हा शब्द शिंप्याच्या दुकानातून आला. त्याआधी आम्ही खांदाच म्हणत होतो. ज्वारीचं पोतं खांद्यावर घ्यायचं, जत्रेत लहान पोराला खांद्यावर बसवायचं, वडील गेले तेव्हा खांदा दिला. शाळेत असताना घेतलेला इंग्रजी-मराठी शब्दकोश अजून कपाटात आहे. त्यात या शब्दापुढे खांदा, स्कंध, भार उचलणे, जबाबदारी घेणे असे चार अर्थ दिले आहेत. शिंप्याचा अर्थ दिलेला नाही. शिंप्याचा शोल्डर म्हणजे पाठीवरून टेप धरून घेतलेलं अंतर, एका हाडाच्या टोकापासून दुसऱ्या हाडाच्या टोकापर्यंत, इंचात. त्यावर काही उचलायचं नसतं. तो फक्त मापायचा असतो.

मापायचं म्हणजे माझ्या कामातलं. मी वजनमापे खात्यात नोकरीला आहे. दुकानांतले तराजू, वजनं, कापडवाल्यांच्या मीटरपट्ट्या तपासायच्या आणि बरोबर असतील तर शिक्का मारायचा, हे आमचं काम. त्यामुळे कुठेही आकडा ऐकला की माझा कान तिकडे जातो. हे मुद्दाम सांगतो आहे, कारण पुढे जे झालं ते आकडा ऐकू न आल्यामुळे झालेलं नाही. आकडा मला तीन वेळा ऐकू आला होता.

आमचा शिंपी तेलुगू बोलणाऱ्या विणकर घरातला. मागावरचं काम त्याच्या वडिलांबरोबर संपलं, हा शिलाईकडे वळला. आम्ही शहराच्या जुळे सोलापूर भागात राहायला आलो तरी कपडे शिवायला जुन्या गल्लीत त्याच्याकडेच जायचो. पुरुषांची मापं तो घेतो. बायका-मुलींची मापं त्याची बायको पडद्याआड घेते आणि आतून मोठ्यानं आकडे सांगते. तो बाहेर मशीनपाशी बसून वहीत लिहितो. आकडे तेलुगूत असतात. लहानपणी त्या गल्लीत खेळल्यामुळे मला तेवढं तेलुगू येतं.

माझी मुलगी सातवीत गेली तेव्हापासून तिचं माप पडद्याआड घेतलं जायला लागलं. मी बाहेर स्टुलावर बसायचो. आतून आवाज यायचा, “शोल्डर पदमूडु. लेफ्ट डाऊन पावु.” शोल्डर तेरा, डावीकडे खाली पाव. आठवीत, “शोल्डर पद्नालुगु. लेफ्ट डाऊन अर.” चौदा, आणि अर्धा. त्याच वर्षी दिवाळीच्या ड्रेसला, “लेफ्ट डाऊन मुप्पावु.” पाऊण. तो लिहायचा, मी ऐकायचो. मला वाटायचं, शिवणकामातली काहीतरी बाब असेल. गळा किती खाली, काज किती खाली, तसं काही. विचारलं नाही. आपल्या कामात दुसरा नाक खुपसतो तेव्हा मला राग येतो, म्हणून मीही दुसऱ्याच्या कामात खुपसत नाही.

ड्रेस मात्र तिच्या अंगावर नेहमी चोख बसायचा. माझी बायको म्हणायची, “हात आहे हो त्याला. अंगावर ओतल्यासारखं शिवतो.”

मुलगी नववीत गेली आणि शाळेनं ठरवलं की यंदापासून सगळ्यांनी तयार गणवेश घ्यायचे. दुकानही ठरवून दिलं. आम्ही साइज सांगून दोन जोड आणले. पहिल्या दिवशी ती घालून बाहेर आली तर कुडता डावीकडे उतरलेला. गळा एका बाजूला सरकला होता, डावी बाही पंजापर्यंत आली होती. बायको म्हणाली, “पीस खराब आहे. बदलून आणा.”

मी बदलून आणला. दुसराही तसाच. तोही नेऊन दिला. तिसरा आणला, तोही डावीकडेच उतरलेला. तेव्हा मी चिडलो. माझ्यासारख्या माणसाला सदोष माल तीनदा द्यायचा म्हणजे काय! दुकानदारापुढे कुडता आपटला आणि म्हणालो, “कटिंगमध्येच दोष आहे. लेखी तक्रार करीन.”

तो शांतपणे म्हणाला, “साहेब, एकाच मास्टरनं कापलेला माल आहे. आख्ख्या शाळेला गेला. तक्रार तुमची एकट्याची.”

“एकट्याची असली म्हणून खोटी होते का?”

“तसं कुठं म्हणतोय? पण तीनदा तुम्ही कपडाच घेऊन आलात की. एकदा मुलीला घेऊन या.”

मला तो उद्धटपणा वाटला. घरी येऊन मी कुडता जेवणाच्या टेबलावर पसरला, सुरकुत्या हातानं सपाट केल्या आणि स्टीलची पट्टी काढली. ती पट्टी मी कामावरच्या प्रमाणित पट्टीशी ताडून घेतलेली आहे. गळ्याच्या शिवणीपासून बाहीच्या शिवणीपर्यंत उजवीकडे साडेचार इंच. डावीकडे साडेचार इंच. उतार दोन्हीकडे सारखा. पुन्हा मोजलं. मग दुसरा जोड काढून मोजला. मग कुडता हँगरला अडकवून खिळ्यावर टांगला आणि लांब जाऊन पाहिला. सरळ होता.

मुलगी शेजारी उभी राहून केळं खात होती. म्हणाली, “काय झालं, बाबा? सापडली चूक?”

मी म्हणालो, “नाही. कपडा बरोबर आहे.”

हे बोललो आणि माझं मलाच ऐकू आलं. मी तिला म्हणालो, “जरा पाठ कर बघू माझ्याकडे.” तिच्या अंगात घरातला ढगळ टी-शर्ट होता. कॉलेजातल्या पोरांसारखे दोन मापं मोठे टी-शर्ट तिला आवडतात. मी पाठीमागून दोन्ही खांद्यांवर दोन बोटं ठेवली. माझी बोटं एका रेषेत नव्हती.

तसाच स्कूटर काढून शिंप्याकडे गेलो. त्याला म्हणालो, मुलीच्या मापांची वही दाखवा. त्यानं पानं उलटून दाखवली. तिच्या पानावर दर मापाला ‘शो.’, पुढे आकडा, आणि खाली ‘डा. डा.’ म्हणजे डावा डाऊन. पाव, अर्धा, पाऊण. मी विचारलं, “हे तुम्ही काय करत होता?”

“डाव्या बाजूचं कापड तेवढं उतरवून कापायचं, सर. उजवीकडे धरून ठेवायचं. आतून थोडी पट्टी द्यायची. मग बाहेरून सरळ दिसतं.” त्याच्या आवाजात अपराध नव्हता. चांगल्या कामाबद्दल सांगावं तसं सांगत होता.

“आणि आम्हाला सांगितलं नाही?”

आता त्याची बायको पडदा सारून बाहेर आली. “अण्णा, तुमी रागावू नका. आमच्यात सांगत नाहीत. कुणाला पोट असतंय, कुणाला कुबड असतंय, कुणाचा एक हात बारीक असतंय. आमी मापात घेतो, तोंडानं बोलत नाही. माझ्या सासऱ्यानं पहिल्या दिवशी हेच शिकवलं. गिऱ्हाइकाच्या अंगाचं बाहेर बोललं तर परत कोण येईल?”

“मी तिचा बाप आहे. बाहेरचा नाही.”

“मला वाटलं तुमाला ठाऊक आहे की! घरातल्या माणसाला ठाऊक नसेल असं कसं वाटणार?”

मुलगी स्वतःची वेणी स्वतः घालायला लागून चार वर्षं झाली होती. तिची पाठ तिच्या आईनंही नीट पाहिलेली नव्हती. आम्ही दोघं एवढंच म्हणायचो, सरळ बस, वाकू नको, दप्तर एका खांद्यावर घेऊ नको. दर वर्षी तिची पाठ पाहणारी एकच बाई होती आणि तिनं ती चोख झाकली होती.

तिला हाडांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी तिला कमरेत वाकायला सांगितलं. वाकल्यावर पाठीची उजवी बाजू डावीपेक्षा वर आलेली दिसली. मी पहिल्यांदाच पाहत होतो. माझ्या बायकोनं माझा दंड धरला आणि सोडला नाही. मग एक्स-रे झाला. डॉक्टरांनी पडद्यावर दोन रेषा ओढल्या आणि त्यांच्यातला कोन सांगितला, एकोणीस अंश. म्हणाले, खांदा खराब नाही, खांद्याला काहीही झालेलं नाही. मणका वळतोय, म्हणून खांदा खाली दिसतो. वाढीच्या वयात काही मुलींचं असं होतं, कारण बहुतेक वेळा कळत नाही, दप्तरामुळे किंवा वाकून बसल्यामुळे होत नाही. त्यांनी बायकोला मुलीच्या पाळीबद्दल दोन प्रश्न विचारले, मी भिंतीवरचं कॅलेंडर पाहत राहिलो. तिची उंची अजून वाढणार, असं ते म्हणाले. वाढ थांबेपर्यंत लक्ष ठेवायचं. पाच महिन्यांनी पुन्हा एक्स-रे. कोन पंचविसाच्या पुढे जायला लागला तर पट्टा, म्हणजे काखेपासून कमरेपर्यंतचा कडक प्लास्टिकचा, दिवसातले बरेच तास बांधायचा. त्याहून फार वाढला तर ऑपरेशनचा विचार.

“आणि नाही वाढला तर?” मी विचारलं.

“तर काहीच नाही. ती आयुष्यभर अशीच राहील आणि कुणाला कळणारही नाही.”

तर पाच महिने. एकोणिसाचे पंचवीस होतात की नाही, एवढंच पाहायचं. ते महिने कसे गेले ते मलाच माहीत. बायकोनं त्या दिवसापासून खांदा म्हणणं सोडून दिलं. “तिचा शोल्डर आज बरा वाटतो ना?” असं विचारायची. वाकडा खांदा हे शब्द तिच्या तोंडातून निघत नसत. बार्शीची तिची थोरली बहीण आली होती. तिची नजर तीक्ष्ण. चहा पिता पिता म्हणाली, “पोरगी लई एका अंगानं चालतीया की गं. पाठीत वाक हाय व्हय?”

बायको पटकन म्हणाली, “न्हाय गं, शोल्डरचा थोडा प्रॉब्लेम आहे.”

“मग ठीक हाय. मला वाटलं पाठीतच काय तरी निघालं.”

शोल्डरचा प्रॉब्लेम म्हटल्यावर मेव्हणीचं समाधान झालं. इंग्रजीत सांगितलेला आजार गोळी घेऊन बरा होणारा वाटतो. पाठीत वाक म्हटलं असतं तर बातमी सोयरिकीपर्यंत गेली असती, ही बायकोची भीती. मुलगी नववीत. तरी.

मी जिथे जाईन तिथे लोकांचे शोल्डर पाहायला लागलो. एसटी स्टँडवर, भाजी मंडईत, ऑफिसात सह्या घेताना. दुकानदार तराजूवर वजनं मांडत असायचा आणि मी त्याच्या शर्टाची शिवण पाहत असायचो. लक्षात आलं की सरळ कुणीच नाही. आरशात पाहिलं तर माझा स्वतःचा उजवा खाली. प्रमाणित वजनांची पेटी त्या हातात धरून इतकी वर्षं फिरलो. पण माझा वाढत नव्हता, हा फरक होता.

शिंप्याला मी बजावून ठेवलं होतं की यापुढे तिचा एकही कपडा उतरवून कापायचा नाही. दोन्ही बाजू सारख्या. मला दिसलं पाहिजे. आणि दर रविवारी सकाळी मी तिला दाराच्या चौकटीला पाठ लावून उभी करायला लागलो. दोन्ही शोल्डरपाशी पेन्सिलीनं बारीक रेघ, मग स्टीलच्या पट्टीनं फरक. एकोणीस मिलिमीटर. पुढच्या रविवारी एकवीस. त्यापुढच्या रविवारी अठरा. ती श्वास कसा घेते, पाय कसे ठेवते त्यावर आकडा बदलायचा. ते मला खपेना. म्हणून गवंडी वापरतात तसली, पाण्यात बुडबुडा असलेली लेव्हलपट्टी विकत आणली. एका रविवारी ती तिच्या मानेमागून दोन्ही खांद्यांवर आडवी धरली. बुडबुडा एका टोकाला जाऊन चिकटला.

“हलू नकोस.”

“मी हलत नाहीये.”

“मग ताठ उभी राहा.”

“मी ताठच आहे, बाबा! हेच माझं ताठ आहे!” ती वळली. पट्टी खाली पडली. “मी भिंत आहे का?”

बायको स्वयंपाकघरातून धावत आली. मुलगी रडत नव्हती, मला वाटतं तिला फार राग आला होता. म्हणाली, “तुम्हाला माहितीये शाळेत मला काय म्हणतात? ऑटो-रोटेट. मोबाइल तिरका केला की स्क्रीन फिरते ना, तसं. मी बाकावरून उठले की मागची मुलं माना तिरक्या करतात. सगळी, एकदम.”

“कधीपासून?”

“तुमचा तो सरळ कुडता आल्यापासून. आधी कुणालाच दिसत नव्हतं.”

मग ती जे बोलली ते मी इथे लिहितो कारण ते खरं होतं. म्हणाली, “शिंपीणकाकूंनी मला सातवीतच सांगितलं होतं. डावा खाली आहे म्हणून. मी म्हणाले, घरी सांगू नका, बाबा मोजत बसतील.”

म्हणजे शिंपिणीनं मला सगळं सांगितलं नव्हतं. मी रागावून उभा होतो तेव्हाही तिनं मुलीचं नाव घेतलं नाही, सगळं स्वतःवर आणि सासऱ्यावर घेतलं. आणि दोन वर्षं गेली होती. सातवीतच कळलं असतं तर काय झालं असतं, हा हिशेब मी त्या दिवसापासून करतो आहे आणि तो सुटत नाही. डॉक्टरांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, तेव्हाही लक्षच ठेवलं असतं. हे त्यांनी मला बरं वाटावं म्हणून सांगितलं की खरंच तसं आहे, मला माहीत नाही.

त्या संध्याकाळी मी शिंप्याकडे जाऊन म्हणालो, तिचे कपडे तिला हवे तसे कापा. तयार गणवेशही उसवून तसाच करायला दिला. शिंपिणीनं कुडता उलटा करून शिवण पाहिली. सातवीतला विषय मी काढला नाही.

पाच महिने झाले आणि दुसरा एक्स-रे काढला. मी आदल्या आठवड्यापासून कोणाशी नीट बोलत नव्हतो. डॉक्टरांनी रेषा ओढल्या. तेवीस.

“म्हणजे चार अंशांनी वाढला,” मी म्हणालो.

“वाढला असेल. नसेलही.”

“एकोणीस आणि तेवीस. फरक चारचा.”

“बरोबर. पण ही रेषा मी पुन्हा ओढली तर एकवीस येईल. दुसऱ्या डॉक्टरांनी ओढली तर पंचवीस. या मोजण्यात पाचेक अंशांचा फरक धरूनच चालतात.”

आमच्या खात्यात प्रत्येक मापाला किती चूक चालेल ते ठरलेलं असतं. त्याच्या आतला फरक आम्ही फरक मानत नाही, शिक्का मारतो आणि पुढे जातो. कितीतरी दुकानदारांना मी हे समजावून सांगितलं आहे, की बाबा, एवढ्यासाठी घाबरू नकोस. तेच मला कुणीतरी सांगत होतं आणि मला ते ऐकून घेता येत नव्हतं. मी म्हणालो, “दुसरं काही यंत्र नाही का? जास्त अचूक?”

डॉक्टर हसले नाहीत. म्हणाले, “अचूक यंत्र आहे, पण ते म्हणजे काळ. आणखी चार महिने थांबू. तोवर पट्टा नको.”

मुलगी खुर्चीतून उठली आणि म्हणाली, “चार महिने म्हणजे माझी परीक्षा होईल. चालेल.” एक्स-रेचं पाकीट तिनंच उचललं.

त्याला आज अकरा आठवडे झाले. ती रोज सकाळी शिकवलेले व्यायाम करते. मी तेव्हा गॅलरीत जाऊन उभा राहतो. आतून मोबाइलवरच्या व्यायाम शिकवणाऱ्या बाईंचा आवाज येतो, शोल्डर सैल सोडा, शोल्डर मागे. चौकटीवरच्या पेन्सिलीच्या रेघा बायकोनं ओल्या फडक्यानं पुसल्या. दोन्ही पट्ट्या मी कामाच्या पिशवीत ठेवल्या आहेत आणि पिशवी ऑफिसच्या कपाटात. एकदाही मोजलेलं नाही. इच्छा रोज होते. ती दप्तर घेऊन पायऱ्या उतरते तेव्हा पाठीमागून माझे डोळे आपोआप दोन शिवणींवर जातात. शिंप्यानं आणि शिंपिणीनं काम इतकं चोख केलं आहे की काही कळत नाही, आणि न कळण्यानं मी आणखी अस्वस्थ होतो.

परवा रविवारी न्हाऊन आल्यावर ती घरातला ढगळ टी-शर्ट घालून माझ्यासमोर येऊन उभी राहिली. पाठ केली.

“बाबा, दिसतंय का?”

मला खोटं बोलायला जमत नाही. म्हणालो, “दिसतंय.”

“आधीपेक्षा जास्त?”

मी पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

“माहीत नाही,” म्हणालो.

ती मान वळवून माझ्याकडे पाहत राहिली. मी असं म्हणू शकतो याचं तिला आश्चर्य वाटलं असावं. मग म्हणाली, “बरं,” आणि केस पुसायला आत गेली.